तांदळाच्या दाण्याएवढा मावळा

कर्नाटकात शाळेची लांब सुट्टी दसऱ्याला पडते, दिवाळीला मिळतात ते मोजके दिवस. त्यामुळे बेळगाव-निपाणीकडची पोरं दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्याच्या कामाला कागल-कोल्हापूरच्या पोरांच्या आधी लागतात. आपट्याची पानं वाळायच्या आत शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत दगड-विटांचे ढीग दिसू लागतात. माती कुणाच्या तरी परसातली, विटा कुणाच्या तरी बांधकामावरच्या. निपाणीत तंबाखूच्या वखारीतलं जुनं गोणपाट मिळालं तर सोन्याहून पिवळं. मी बहिणीकडे शहापुरात गेलो तेव्हा भाचा कोपरापर्यंत चिखलात होता. ‘काय करूलास रे?’ म्हटलं. मान वर न करता म्हणाला, ‘रायगड. टकमक टोक बसंना झालंय, मामा.’

रणभूमी छोट्या प्रमाणात उभारायची, तीवर बोटाच्या पेरापेक्षाही लहान सैनिक मांडायचे आणि इतिहासातली लढाई फाशांवर पुन्हा लढून पाहायची, हा युरोप-अमेरिकेत हजारो प्रौढ माणसांचा छंद आहे. त्याची पुस्तकं आहेत, नियमावल्या आहेत, डोंगर-ओढे-झाडं विकणारी दुकानं आहेत. त्यांच्या कामाची छायाचित्रं पाहताना मला दर वेळी आमच्या गल्लीतला आश्विन महिना आठवतो. ते जे शिकायला वर्षं घालवतात त्यातलं निम्मं आमच्या पोरांच्या हातात आधीच असतं.

मातीचंच बघा. बेळगाव दोन मातींच्या शिवेवर वसलंय. पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती, पूर्वेला काळी. काळी माती एकटी वापरली तर वाळताना आकसते आणि तिसऱ्या दिवशी कड्याला बोटभर भेग जाते. म्हणून जाणती पोरं तांबडी चाळून घेतात, तिच्यात भुसा किंवा थोडं शेण मिसळतात. आत दगड, विटा, फुटकी बादली, जुना डबा, काहीही चालतं. त्यावर चिखलाच्या रबडीत बुडवलेलं गोणपाट पांघरायचं. खरी कारागिरी इथं आहे. ओलं गोणपाट खाली सोडताना त्याला ज्या चुण्या पडतात, त्याच वाळून डोंगराच्या सोंडा होतात, आणि दोन चुण्यांमधली खोलगट जागा घळ होते. हाताने थापून केलेला डोंगर वारुळासारखा दिसतो. गोणपाटाचा डोंगर सह्याद्रीसारखा दिसतो. परदेशातले कारागीर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या कापडाने हेच करतात.

मग पेरणी. सपाटीला मोहरी किंवा गहू चालतो, पण उभ्या उतारावर दाणा घरंगळतो. तिथं हळीवच पाहिजे. पाण्यात घातलं की हळिवाभोवती बुळबुळीत आवरण सुटतं आणि बी उभ्या कड्यालाही चिकटून बसतं. चार-पाच दिवसांत हिरवं फुटतं. वसुबारसेला किल्ला हिरवा हवा असेल तर पेरणीचा दिवस उलटा मोजून ठरवावा लागतो, आणि तो हिशोब दहा वर्षांची पोरगीही बिनचूक करते.

मावळे मात्र बाजारातून येतात. दिवाळीच्या तोंडावर रस्त्याकडेला मांडलेल्या त्या पाटीत सिंहासनावरचे महाराज असतात, भालदार असतात, तोफेशी वाकलेला गोलंदाज असतो. शिवाय गवळण, शेतकरी आणि गुहेत ठेवायला एक वाघ. रंग ओला असल्यासारखा चकाकतो. एकेक मावळा साधारण तीन इंचांचा.

माझं म्हणणं या तीन इंचांबद्दल आहे. माणूस साडेपाच फुटांचा धरला तर तीन इंचांचा मावळा म्हणजे खऱ्याच्या बाविसाव्या भागाएवढा. रायगड पायथ्यापासून सुमारे 400 मीटर उठतो. त्याच मापाने रायगड करायचा तर तो 18 मीटर उंच, म्हणजे सहामजली इमारतीएवढा करावा लागेल. भाच्याचा रायगड होता चार फुटांचा. म्हणजे खऱ्याच्या तीनशेव्या भागाच्या आसपास. या मापात माणूस किती? साडेपाच मिलिमीटर. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा एक दाणा.

मी तसा दाणा भाच्याच्या महादरवाजापुढे उभा करून पाहिला. क्षणात सगळं बदललं. तीन इंचांच्या मावळ्याच्या पोटरीला लागणारं हळिवाचं गवत एकदम पंचवीस फुटी रान झालं. जे टोक मघापर्यंत चिखलाचा गोळा होतं त्याच्याकडे पाहून पोटात गोळा आला. परदेशातल्या या छंदात 28 मिलिमीटरच्या सुबक, रंगवायला सोप्या बाहुल्या फार लोकप्रिय आहेत. पण ज्यांना चेहऱ्यांपेक्षा जमीन दाखवायची असते ते 6 मिलिमीटरवर उतरतात. तिथं चेहरा दिसत नाही, मिशा दिसत नाहीत. रांग दिसते, फळी दिसते, ती फळी कुठल्या ओढ्यापाशी अडली ते दिसतं. बाजारातल्या मावळ्यावर माझा राग नाही. पोराला महाराजांचा चेहरा बघायचा असतो, हातात धरायचे असतात, आणि ते योग्यच आहे. सिंहासन वर तसंच राहू दे. पण लढाई समजून घ्यायची तर दाणा हवा.

राजेरजवाड्यांनाही हे फार लवकर कळलं होतं. चौदाव्या लुईच्या काळात, 1668पासून, फ्रान्सने आपल्या सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. लाकूड, कागद, रेशीम आणि वाळूच्या. प्रमाण सहाशेला एक. दूर राजधानीत बसून वेढ्याचा विचार करता यावा यासाठी त्या होत्या, आणि शत्रूच्या नजरेपासून जपल्या जात. आज त्यातल्या बऱ्याच पॅरिसमध्ये संग्रहालयात आहेत. 1812मध्ये प्रशियाच्या राजापुढे राइसविट्झ नावाच्या सरदाराने एक मेज ठेवलं. त्यात नदी, रस्ता, टेकडी असे साच्यातले चौकोन होते, हवे तसे जुळवून रणभूमी करता येई. त्याच्या मुलाने 1824मध्ये तो खेळ नकाशावर आणला, फासे आणि पंच नेमले, आणि प्रशियाच्या सैन्यात तो शिक्षणाचा भाग झाला. लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913मध्ये शिशाचे शिपाई आणि खेळण्यातल्या तोफा घेऊन खोलीच्या फरशीवर लढायच्या खेळाचं अख्खं पुस्तक लिहिलं.

मला या सगळ्यांत जवळचा वाटतो विल्यम सायबोर्न. वॉटर्लूची प्रतिकृती करायची म्हणून तो त्या रणभूमीवर आठ महिने राहिला, शेतांची मोजणी केली. मग पंचाईत झाली : जमीन कळली, पण अमुक घटकेला कुठली पलटण कुठे उभी होती? त्याने लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं. 70 हजारांहून जास्त चिमुकले शिपाई असलेली ती प्रतिकृती 1838मध्ये लोकांपुढे आली, आणि त्या पत्रांचा ढीग वॉटर्लूच्या इतिहासाचं मोठं साधन ठरला. बाहुली कुठे ठेवायची या प्रश्नातून हा माणूस इतिहासकार झाला.

हा प्रश्न आपल्या किल्ल्यावर कुणी विचारत नाही. मावळे जागा दिसेल तिथे उभे राहतात. मग दिवाळी सरते आणि सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवला जातो. आमच्या भोवतीची जमीन तर लढायांनी भरलेली आहे. 1673मध्ये उमराणीला मराठ्यांचे सरनोबत प्रतापराव गुजरांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडलं ते पाण्यापासून तोडून. पटावर मांडली तर ही लढाई तलवारींपेक्षा तळ्याची आहे. तळं कुठे, त्याच्याकडे जाणारी वाट कुठून, हे चुकलं की सगळंच चुकलं. पुढच्याच वर्षी, 24 फेब्रुवारी 1674 रोजी, नेसरीच्या खिंडीत प्रतापरावांसह सात स्वार त्याच खानाच्या फौजेवर गेले. ती मांडावी, पण तिथे फासे टाकू नयेत असं मला वाटतं. अफाट फौजेसमोर सात दाणे ठेवले की ते आपोआप बोलतात.

आणि बेळगावचा स्वतःचा किल्ला! 2025च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले तेव्हा आमच्या पोरांना सगळी यादी पाठ होती, पण ज्या खंदकाशेजारून ती रोज शाळेला जातात तो किल्ला दिवाळीत केलेला मला क्वचितच दिसला. कारण सरळ आहे. तो भुईकोट, त्याला डोंगर नाही. भाचा म्हणाला, ‘त्यात काय करायचं, नुसती भिंत.’ भाची मात्र तयार झाली.

गच्चीवर चार फुटांचा चौरस घेतला. पुठ्ठ्याचा तट, त्यावर तांबड्या मातीचा लेप, भोवती चार बोटं रुंद खंदक. घनसाळाचे दहा-दहा दाणे काड्यापेटीच्या पुठ्ठ्यावर चिकटवले, एक पट्टी म्हणजे एक तुकडी. वेढा निवडला बहमनी वजीर महमूद गावानाचा, 1472-73च्या सुमाराचा. आजचे तट-बुरूज बरेचसे त्यानंतरचे आहेत, पण खंदक तेव्हाही होता आणि तोच गावानाला नडला. इतिहासकार फरिश्त्याने लिहिलंय की वेढा घालणारे दिवसा लाकूड-माती टाकून खंदक भरत आणि किल्ल्यातले लोक रात्री ते सगळं उपसून काढत. पोरांना मी एवढंच सांगितलं आणि त्यावरून नियम केला : दिवसा भाचीने फासा टाकायचा, पडेल तितक्या आगकाड्या खंदकात घालायच्या. रात्री भाच्याने टाकायचा, तितक्या काढायच्या. एका जागी तीस काड्या झाल्या की वाट तयार.

वाट तयार होईना. फासा एकच, दोघांचं दान सरासरीने सारखंच. पंधरावर गेलं की भाच्याला सहा पडत. तट राखणारा पोरगा खुशीत आला. भुईकोटावरचं त्याचं मत बदललेलं दिसलं. नऊ दिवस-रात्री झाल्या. भाचीने फासा खाली ठेवला, गच्चीच्या फरशीला गाल लावून पालथी पडली आणि दाण्यांच्या उंचीवरून तटाकडे बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, ‘मामा, खंदक कशाला भरायचा? खालनं खणत जाऊया की.’

गावानाने हेच केलं होतं. दख्खनने तोवर न पाहिलेले सुरुंग त्याने तटाखालपर्यंत नेले, दारू ठासली, भिंत पाडली. हे मी तिला तेव्हा सांगितलं, आधी सांगितलं नव्हतं. भाचा तक्रार करू लागला की हे नियमात नाही. तिने उत्तर दिलं नाही, खिळ्याने खंदकाच्या अलीकडून माती कोरायला लागली. संध्याकाळपर्यंत भोक तटाखाली पोचलं. मी त्यात एक लवंगी सरकवली, वात बाहेर ठेवली, दोघांना जिन्याच्या दारात उभं केलं आणि उदबत्तीने पेटवून मागे आलो. तडका झाला, धूर वर गेला. भाचा आधी धावला. पूर्वेकडच्या तटाला बरोबर एका पट्टीची रुंदी जाईल एवढं भगदाड पडलं होतं, आणि त्याच्या तुकडीचे दाणे गच्चीभर विखुरले होते.