नव्या गाडीची ताम्हिणी

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडले गेले की पुण्यात बहुधा ताम्हिणी घाटाचा बेत ठरतो आणि तो सयुक्तिकही आहे. कारण पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीशी जुळून येण्याच्या आरंभीच्या काळात, म्हणजे साधारण पहिल्या १००० किलोमीटरांच्या ‘रनिंग-इन’मध्ये, एकाच वेगाने पळवणाऱ्या द्रुतगती मार्गापेक्षा वेग सतत बदलायला लावणारा वळणांचा रस्ता इंजिनाला अधिक मानवतो, मात्र चढावर ते ताणू नये.

पौडनंतर हा रस्ता मुळशी जलाशयाच्या काठाने जातो. मुळा नदीवरील ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्याचेच हे पाणी, हे काठावर सेल्फी काढणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात येत असेल, कोण जाणे.

पुढे विळ्याकडे उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवल्यास पॅड तापून त्यांची पकड घटते, म्हणून खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधानेच वेग आवरावा, ज्याला ‘इंजिन ब्रेकिंग’ म्हणतात. न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवण्याची जुनी क्लृप्ती धोक्याची तर आहेच, शिवाय फोलही, कारण आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठाच थांबतो.