बालकांतील दुर्घट श्वासमार्ग : भुलेपूर्वीची परीक्षा

पूर्ण भूल दिल्यावर रोग्याचे स्नायू शिथिल होतात, जीभ मागे पडते आणि श्वासोच्छ्वास मंदावतो किंवा थांबतो. अशा वेळी श्वासमार्ग मोकळा व सुरक्षित राखण्यासाठी अनेक शस्त्रक्रियांत श्वासनलिकेत नळी घालावी लागते. बहुतेक बालकांत हे काम सुरळीत पार पडते. जर्मनीत ११,२१९ प्रसंगांच्या नोंदी तपासून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लॅरिंगोस्कोपने स्वरयंत्र नीट न दिसण्याचे प्रमाण एकंदरीत १.३५ टक्के आढळले; एक वर्षाखालील अर्भकांत मात्र ते ४.७ टक्के होते. अडचण विरळ खरी. परंतु ती उद्भवली असता हाती वेळ फार थोडा असतो. म्हणून ती आधी ओळखता येते काय, आणि कितपत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वेळ थोडा का, याचे कारण शरीरव्यापारात आहे. प्रौढास वजनाच्या दर किलोग्रॅममागे मिनिटास सुमारे ३ ते ४ मिलिलिटर प्राणवायू लागतो. अर्भकास ६ ते ८ मिलिलिटर लागतो. शिवाय भुलेखाली अर्भकाच्या फुप्फुसांतील हवेचा साठा बराच घटतो. खर्च दुप्पट आणि शिल्लक कमी, अशी ही स्थिती होय. नळी घालण्याचे प्रयत्न वारंवार केल्यास सूज येते, आणि लहान मार्गात तिचा परिणाम फार मोठा होतो. ४ मिलिमीटर व्यासाच्या मार्गास चोहोबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर त्याचे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येते. ८ मिलिमीटरच्या मार्गात तेवढ्याच सुजेने निम्म्याहून अधिक क्षेत्रफळ शिल्लक राहते.

बालकाचा श्वासमार्ग म्हणजे प्रौढाच्या श्वासमार्गाची लहान प्रतिकृती नव्हे. अर्भकाचे डोके धडाच्या मानाने मोठे असल्याने उताणे निजविले असता मान पुढे वाकते. जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते. स्वरयंत्र मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर, म्हणजे प्रौढापेक्षा वर असते. एपिग्लॉटिस ही झाकणवजा उपास्थी लांबट व दुमडलेली असून दृष्टीच्या आड येते. निरोगी बालकातही ही वैशिष्ट्ये असतातच. परीक्षकाने शोधावयाचे असते ते यांपलीकडचे वैगुण्य.

प्रौढांसाठी प्रचलित असलेल्या कसोट्या येथे अपुऱ्या पडतात. मल्लमपट्टी यांनी १९८५ साली मांडलेल्या कसोटीत रोग्याने ताठ बसून तोंड पूर्ण उघडावयाचे व जीभ बाहेर काढावयाची असते. मग घशातील कोणते भाग दिसतात, यावरून श्रेणी ठरते. रडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाकडून हे सहकार्य मिळणे कठीण, आणि तान्ह्या मुलाकडून अशक्यच. यास्तव बालकाची परीक्षा मुख्यतः विचारपूस व निरीक्षण यांवर उभी असते.

आईवडिलांना विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. मूल झोपेत घोरते काय? मध्येच श्वास अडतो काय? दूध पिताना धाप लागते काय? नुकतेच सर्दी-पडसे झाले आहे काय? पूर्वी भूल दिली असता अडचण आली होती काय? त्यानंतर मुलाचा चेहरा समोरून व बाजूने पाहावा. हनुवटी मागे गेलेली असणे ही महत्त्वाची खूण होय, आणि ती समोरून सहज निसटते. कानही पाहावेत; कारण बाह्यकर्ण व खालचा जबडा यांची गर्भावस्थेतील घडण परस्परसंबद्ध असते. दोन्ही कान खुरटे असतील, तर जबड्याविषयी विशेष सावध असावे. तोंड किती उघडते, मान मागे किती वळते, हे मूल रडताना वा खेळतानाही कळते. जबड्याचा सांधा आखडलेला असणे किंवा भाजल्याच्या व्रणाने मान ओढली गेलेली असणे, ही जन्मानंतर उद्भवलेली कारणे तितकीच गंभीर आहेत.

जुनी नोंद वाचताना तिची तारीखही पाहावी. पिअर रोबिन विकृतीत लहान असलेला जबडा वयाबरोबर वाढतो व अडचण बहुधा कमी होते. ट्रीचर कॉलिन्स विकृतीत ती वयाबरोबर वाढू शकते. म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस या चयापचयविकारांत ऊतींत द्रव्ये साचत जाऊन मार्ग अरुंद होतो. त्यामुळे अशा मुलास दोन वर्षांपूर्वी नळी सहज घातली गेली, एवढ्यावर आज विसंबता येत नाही.

एवढी काळजी घेऊनही काही प्रसंग अनपेक्षितच येतात. कोणतीही एक खूण निर्णायक नाही. म्हणून परीक्षेचे खरे फळ भाकितापेक्षा पूर्वतयारीत असते. तोंडावर मुखवटा धरून श्वास देता येईल काय, आणि नळी घालता येईल काय, हे दोन वेगळे प्रश्न असून पहिला अधिक निकडीचा आहे. कारण मूल जगते ते प्राणवायूवर, नळीवर नव्हे. अमेरिकेतील १३ बाल-रुग्णालयांतील १,०१८ दुर्घट प्रसंगांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २० टक्के प्रसंगांत काही ना काही गुंतागुंत झाली होती. दोनाहून अधिक प्रयत्न, १० किलोग्रॅमपेक्षा कमी वजन आणि हनुवटी व कंठमणी यांतील अल्प अंतर, यांचा तिच्याशी संबंध दिसला. साध्या लॅरिंगोस्कोपने तीन प्रयत्न झाल्यावरच अन्य साधनाकडे वळणे, हेही त्यांपैकी एक कारण होते.

यांपैकी वजन व हनुवटी वैद्याच्या स्वाधीन नाहीत. प्रयत्नांची संख्या व साधन बदलण्याची वेळ मात्र त्याच्या स्वाधीन आहे. शंका असल्यास व्हिडिओ-लॅरिंगोस्कोप, योग्य मापाचा स्वरयंत्र-मुखवटा व अनुभवी सहकारी भूल देण्यापूर्वीच जवळ असावेत, आणि कोणत्या टप्प्यावर थांबावयाचे हेही आधी ठरलेले असावे. मूल शुद्धीवर आल्यावर काय अडचण आली व कोणत्या उपायाने ती सुटली, हे लिहून तो कागद आईवडिलांच्या हाती द्यावा. पुढील परीक्षकास त्याहून मोलाची माहिती क्वचितच मिळेल.