पिछाडीचा खेळाडू : सय्यद नईमुद्दीन

ज्याला चेंडू नीट पुढे नेता येत नाही त्याला मागे उभे करावयाचे, अशी आपल्याकडील मैदानांवर जुनी रीत आहे. गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. गोल होऊ न देणाऱ्याचे नाव, त्याची चूक झाली तरच निघते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्यातील नेव्हिल डिसोझाचे तीन गोल जाणकारांना आजही पाठ आहेत. त्या भारतीय संघात पिछाडीला हैदराबादचे सय्यद ख्वाजा अझिझुद्दीन होते, हे मात्र किती जणांस ठाऊक असेल?

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. तोपर्यंत आपले बीदर आणि गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, तेव्हा त्या काळच्या हैदराबादी फुटबॉलवर आपणही थोडा हक्क सांगावयास हरकत नाही. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यामागे सय्यद अब्दुल रहीम हा शाळामास्तर होता. रहीमसाहेब डाव्या पायाच्या खेळाडूस उजव्या व उजव्यास डाव्या पायानेच खेळावयास लावून सामने भरवीत. पिछाडीच्या खेळाडूस याचा फार उपयोग, कारण चेंडू कोणत्या पायाकडे यावा हे त्याच्या हाती नसते.

या मुशीतून निघालेला पुढच्या पिढीतील खेळाडू म्हणजे १९४४ साली जन्मलेले सय्यद नईमुद्दीन. त्यांची जागा स्टॉपरची. हा स्टॉपर आला कोठून? जुन्या पद्धतीत मागे दोनच फुलबॅक असत आणि मधला सेंटर हाफ पुढेमागे धावत असे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम सैल झाला. पूर्वी चेंडू खेळला जाताना आघाडीच्या गड्यापुढे प्रतिपक्षाचे तीन जण असावे लागत, ते आता दोन पुरू लागले. साहजिकच आघाडीचे गडी थेट गोलाजवळ जाऊन उभे राहू लागले, आणि सेंटर हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मधोमध उभे करणे भाग पडले. हाच स्टॉपर. पुढे १९५८ च्या विश्वचषकात ब्राझील मागे चौघांना घेऊन जिंकले आणि स्टॉपरला जोडीदार मिळाला.

त्याचे काम चेंडूच्या मागे धावण्याचे नाही. चेंडूवर झेप घेतली आणि ती चुकली, की मागे गोलरक्षकाखेरीज कोणी उरत नाही; म्हणून चांगला स्टॉपर झेप शक्य तितकी लांबवितो. तो समोरच्याला कडेकडे ढकलीत नेतो, त्याच्या चांगल्या पायाची वाट अडवितो, आणि आपल्या जोडीदाराला हाक मारून जागेवर ठेवतो. हे सारे नजरेचे काम आहे. पायातील वेग पंचविशीनंतर उतरू लागतो, नजर मात्र सामन्यागणिक पक्व होते. विंगरपेक्षा स्टॉपर अधिक वर्षे टिकतो, याचे कारण माझ्या मते हेच.

नईम सिटी पोलिसांकडून कलकत्त्यास गेले आणि ईस्ट बंगाल, मोहन बागान व मोहमेडन स्पोर्टिंग या तिन्ही मोठ्या संघांतून खेळले. कलकत्त्याचा प्रेक्षक काय चीज आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या वाक्याचे वजन कळेल! १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. त्या काळी आपल्या देशातील सामने सत्तर मिनिटांचे असत आणि परदेशी मात्र नव्वद मिनिटे खेळावे लागे. शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतात तेव्हा पिछाडीचीच खरी कसोटी लागते. उपांत्य सामन्यात ब्रह्मदेशाने आपल्याला हरविले. पण कांस्यपदकाच्या सामन्यात आपण जपानला १-० असे नमविले. हा तोच जपान, ज्याने दोनच वर्षांपूर्वी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले होते. एका गोलावर सामना जिंकावयाचा तर दुसऱ्या बाजूचे शून्य राखावे लागते. आशियाई स्पर्धांत भारतीय फुटबॉलला त्यानंतर पदक मिळालेले नाही.

त्याच वर्षी नईम यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळ थांबल्यावर ते प्रशिक्षक झाले; आणि शिस्तीबाबत इतके कडक, की खेळाडू कुरकुरत. मला तरी यात नवल वाटत नाही. मागे उभा राहणारा माणूस सामनाभर दुसऱ्यांच्या चुकाच पाहत असतो. १९९० साली त्यांच्या हाताखाली ईस्ट बंगालने आय.एफ.ए. शील्ड, ड्युरँड व रोव्हर्स हे तिन्ही चषक एका हंगामात जिंकले, आणि त्यांना द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला. १९९७ साली काठमांडूच्या सॅफ स्पर्धेत विजयी झालेल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक तेच होते. अंतिम सामन्यात मालदीवविरुद्ध त्या संघाने पाच गोल केले आणि एक घेतला. त्या एका गोलाबद्दल नईमसाहेब आपल्या पिछाडीला काय बोलले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.