आग्नेय विभाग : उष्ण प्रदेशातील बर्फाची कहाणी

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान, वाकड्या टोकाची काठी आणि पांढरा चेंडू उभा राहतो. उत्तर अमेरिकेत मात्र 'हॉकी' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तेथे हा खेळ बर्फावर खेळतात. सुमारे दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद अशा गोठवलेल्या रिंगणात प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू पायांत पाती लावलेले बूट घालून वेगाने घसरत जातात आणि तीन इंच व्यासाची कठीण रबराची चकती प्रतिपक्षाच्या जाळ्यात मारण्याचा प्रयत्न करतात. या चकतीला 'पक' म्हणतात. थंडीच्या दिवसांत तळी गोठतात अशा कॅनडासारख्या देशात हा खेळ जन्मावा व वाढावा, यात नवल नाही. नवल आहे ते पुढेच. याच खेळाच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये, १९९८ पासून २०१३ पर्यंत एक असा विभाग नांदत होता की ज्यातील बहुतेक गावांत लोकांनी गोठलेले तळे क्वचितच पाहिले असेल. या विभागाचे नाव होते 'साउथईस्ट', म्हणजे आग्नेय. आपल्या परंपरेत ही अग्नीची दिशा. घर बांधताना चूल त्या कोपऱ्यात असावी असे जुनी माणसे सांगतात. बर्फाच्या खेळाने तीच दिशा निवडावी, हा योगायोग मराठी वाचकालाच जाणवणार.

विभाग कशासाठी, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्या काळी लीगमधील प्रत्येक संघ एका पूर्ण हंगामात ८२ सामने खेळत असे. संघ पसरलेले असतात ते अटलांटिक महासागरापासून पॅसिफिकपर्यंत. प्रत्येकाने प्रत्येकाशी सारखेच सामने खेळायचे ठरवले, तर खेळाडूंचे अर्धे आयुष्य विमानातच जायचे. म्हणून जवळजवळच्या गावांचा एक गट करावयाचा, त्या गटात आपापसांत अधिक सामने ठेवावयाचे आणि गटातील पहिल्या संघाला मान द्यावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. तिचा आणखी एक फायदा असा की शेजाऱ्याशी वारंवार गाठ पडली म्हणजे चुरस वाढते आणि चुरस वाढली म्हणजे तिकिटे खपतात.

लीगची स्थापना १९१७ साली माँट्रिऑल येथे झाली. १९४२ ते १९६७ या काळात तीत अवघे सहा संघ होते, तेव्हा विभागांची गरजच नव्हती. १९६७ मध्ये एकदम सहा नवे संघ आले आणि पूर्व व पश्चिम असे दोन गट झाले. सगळे नवे संघ पश्चिमेत घातल्यामुळे पूर्व किनाऱ्यालगतचे फिलाडेल्फियासुद्धा कागदोपत्री पश्चिमेत गेले! १९७४ मध्ये चार विभाग झाले आणि त्यांना अ‍ॅडम्स, नॉरिस, पॅट्रिक व स्माइथ अशी खेळातील जुन्या कर्त्या पुरुषांची नावे दिली गेली. ही नावे कॅनडातील मुलांना पाठ होती, पण अमेरिकेतील नव्या प्रेक्षकाला त्यांतून काहीच उमगत नसे. १९९३ मध्ये गॅरी बेटमन लीगचे आयुक्त झाले आणि त्याच वर्षी माणसांची नावे जाऊन दिशांची व प्रदेशांची नावे आली. जुन्या रसिकांना ते रुचले नाही. सोय म्हणून पाहिले तर बदल योग्य होता; परंतु नावाबरोबर आठवणीही पुसल्या जातात, ही त्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

दक्षिणेकडे जाण्याचा ओढा याच सुमारास बळावला. अमेरिकेतील लोकवस्ती कित्येक दशके उत्तरेकडून दक्षिणेच्या उबदार राज्यांकडे सरकत होती. वातानुकूलनामुळे तेथे राहणे सुखाचे झाले होते आणि उत्तरेतील निवृत्त मंडळी फ्लॉरिडात स्थायिक होत होती. दूरचित्रवाणीकडून मोठा मोबदला मिळवायचा असेल, तर खेळ देशाच्या एका कोपऱ्यात राहून चालणार नाही, हा लीगचा हिशेब होता. १९९२ मध्ये टँपा बे येथे संघ निघाला. तेथे विजांचा कडकडाट फार, म्हणून नाव 'लाइटनिंग'. १९९३ मध्ये मायामीत 'फ्लॉरिडा पँथर्स' आला. १९९७ मध्ये कनेटिकटमधील हार्टफर्डचा संघ उठून नॉर्थ कॅरोलायनात गेला आणि त्या किनाऱ्याला झोडपणाऱ्या वादळांवरून 'हरिकेन्स' झाला. रॅली येथील त्याचे क्रीडागार तयार नव्हते म्हणून पहिली दोन वर्षे तो ग्रीन्सबरो या दुसऱ्याच गावात खेळला. तेथे प्रेक्षक इतके थोडे येत की वरच्या मजल्यावरील रिकाम्या खुर्च्यांवर पडदे ओढून ठेवावे लागत.

या तिघांना वॉशिंग्टनची जोड देऊन १९९८ मध्ये आग्नेय विभाग करण्यात आला. पुढच्या वर्षी अटलांटाचा 'थ्रॅशर्स' हा नवा संघ आला आणि पाचाचा आकडा पुरा झाला. वॉशिंग्टनला हे स्थळ मनापासून आवडले नसावे. १९७४ पासून खेळणाऱ्या त्या संघाची जुनी वैरे न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग यांच्याशी होती. ती सोडून त्याला एकदम नवख्यांच्या पंगतीत बसवण्यात आले होते.

बाहेर नारळ-पोफळी डोलत असताना आत बर्फ कसा टिकतो, असा प्रश्न वाचकाला पडेल. क्रीडागाराच्या सिमेंटच्या जमिनीखाली नळ्यांचे दाट जाळे असते. शून्याखालीही न गोठणारे खारे पाणी किंवा तत्सम द्रव त्यांतून फिरवून जमीन थंड करतात आणि तीवर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवीत जातात. सर्व थर मिळून बर्फाची जाडी जेमतेम इंचभर भरते. उष्ण प्रदेशात खरा शत्रू उष्णतेपेक्षा दमटपणा हा होय. हवेतील बाष्प बर्फावर साचले की पृष्ठभाग मऊ व खरबरीत होतो, चकती नीट घसरत नाही. म्हणून तेथे हवा कोरडी करणारी यंत्रे अहोरात्र चालवावी लागतात, आणि दारे उघडून हजारो माणसे आत आली की त्यांच्यावरचा ताण वाढतो.

बर्फ टिकला, पण आरंभी खेळ टिकेना. १९९८-९९ च्या हंगामात टँपा बेने ८२ पैकी अवघे १९ सामने जिंकले. पुढच्या वर्षी अटलांटाला पहिल्या हंगामात १४ विजय मिळाले. पँथर्सनी १९९६ मध्ये अंतिम फेरी गाठून सर्वांना चकित केले होते. पण २००० नंतर सलग दहा हंगाम त्यांना बाद फेरीचे दार उघडले नाही. यात नियमामुळे एक विचित्र स्थिती निर्माण झाली. पूर्वेकडील आठ संघ बाद फेरीत जात, आणि तीन विभागांच्या विजेत्यांना पहिले तीन क्रमांक मिळत, मग त्यांचे गुण कितीही असोत. १९९९ मध्ये कॅरोलायना ८६ गुणांवर आग्नेय विभागाचा विजेता ठरला. आठांत सर्वांत कमी गुण त्याचेच होते, तरी क्रमांक तिसरा! त्याच्या खाली बसलेल्या टोरांटोचे गुण होते ९७. उत्तरेकडील वृत्तपत्रांना टवाळीसाठी आणखी काय हवे? 'साउथईस्ट' या नावात एक 'ल' घालून त्यांनी 'साउथलीस्ट' असा शब्द केला; 'लीस्ट' म्हणजे सर्वांत कमी. शब्दाची कोटी बरी होती, हे मान्य करावे लागेल.

पण ही टवाळी कितपत न्याय्य होती? २००२ मध्ये ९१ गुणांनी तिसरा क्रमांक मिळवलेला कॅरोलायना अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि डेट्रॉइटकडून हरला. २००४ मध्ये जॉन टॉर्टोरेला यांच्या मार्गदर्शनाखाली टँपा बेने पूर्वेत पहिला क्रमांक पटकावला आणि अंतिम फेरीत कॅल्गरीला चार विरुद्ध तीन सामन्यांनी हरवून स्टॅन्ले चषक जिंकला. हा चषक कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी १८९२ मध्ये दिलेला. या खेळात त्याहून मोठा मान नाही. त्यानंतरचा २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक व खेळाडू यांच्यातील वेतनाच्या तंट्यामुळे रद्द झाला. तो मिटल्यावर, २००६ मध्ये, कॅरोलायनाने एडमंटनला सातव्या सामन्यात हरवले आणि चषक पुन्हा आग्नेय विभागातच राहिला. ज्या विभागाला हिणवले जात होते त्याने लागोपाठच्या दोन हंगामांत, तेही कॅनडाच्या संघांना हरवून, चषक नेला, ही गोष्ट टवाळखोरांनी फारशी सांगितली नाही.

पुढची वर्षे वॉशिंग्टनची. रशियन खेळाडू अलेक्झांडर ओवेच्किन २००५ मध्ये तेथे आला आणि २००७-०८ मध्ये त्याने ६५ गोल केले. २००८ ते २०११ अशी चार वर्षे विभागाचे विजेतेपद वॉशिंग्टनकडेच राहिले. चौदा हंगामांत एकूण सात वेळा. २००९-१० मध्ये तर सबंध लीगमध्ये सर्वाधिक, १२१ गुण मिळवले, आणि पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या माँट्रिऑलकडून ३-१ अशी आघाडी घालवून हार पत्करली. दुबळ्या शेजाऱ्यांशी खेळून गुण फुगले, असा आक्षेप तेव्हा पुन्हा निघाला. १२१ गुण केवळ शेजाऱ्यांकडून मिळत नाहीत, एवढेच त्यावर म्हणता येईल.

मन लावून पाहावे ती अटलांटाची गोष्ट. या शहराला लीगने १९७२ मध्येच एक संघ दिला होता. तो १९८० मध्ये कॅल्गरीला विकला गेला. म्हणजे २००४ मध्ये टँपा बेने ज्यांना हरवले ते एका अर्थी अटलांटाचेच जुने पोर होते. थ्रॅशर्सच्या रूपाने १९९९ मध्ये दुसरी संधी मिळाली. इल्या कोवलचुकसारखा अव्वल खेळाडू होता. २००७ मध्ये विभागाचे विजेतेपदही आले. पण बाद फेरीत न्यूयॉर्क रेंजर्सनी चारही सामने जिंकले, आणि त्या संघाच्या साऱ्या आयुष्यातील बाद फेरीचे सामने ते चारच. मालकांच्या गटात कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षे चालल्या, संघावर खर्च करण्याची उमेद कोणाला राहिली नाही. २०१० मध्ये कोवलचुक न्यू जर्सीला गेला. ३१ मे २०११ रोजी संघ कॅनडातील विनिपेगला विकल्याची घोषणा झाली. अटलांटाला हॉकी कळत नाही, असा निवाडा यावरून झटकन दिला जातो. हरणारा संघ आणि भांडणारे मालक असले तर कोणत्या गावाला खेळ कळतो, हे विचारायला हवे.

विनिपेगमध्ये दिवाळीच होती. त्यांचा स्वतःचा संघ १९९६ मध्ये फीनिक्सला गेला होता. पंधरा वर्षांनी 'जेट्स' हे नाव परत आले आणि हंगामाची १३ हजार तिकिटे पाहता पाहता संपली. परंतु वेळापत्रक बदलायला अवधी नसल्यामुळे जेट्सना अटलांटाच्याच जागी, आग्नेय विभागातच खेळावे लागले. विनिपेग ते मायामी हे अंतर सरळ रेषेत सुमारे तीन हजार किलोमीटर, म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारीपेक्षाही थोडे अधिक. कॅनडाच्या गवताळ प्रदेशातील, हिवाळ्यात उणे तीस अंश पाहणारे ते शहर फ्लॉरिडाचे 'शेजारी' झाले. डिसेंबर २०११ मध्ये लीगने नवी रचना मंजूर केली, पण प्रवास व बाद फेरीतील जागांबद्दल शंका असल्याने खेळाडूंच्या संघटनेने जानेवारीत संमती नाकारली, आणि हे विनोदी शेजारपण आणखी एक हंगाम लांबले. त्या वसंतात पँथर्सनी ९४ गुणांवर विभाग जिंकून तिसरा क्रमांक घेतला. १०८ गुणांचे पिट्सबर्ग चौथ्यावर बसले. जुनी कोटी पुन्हा छापली गेली.

अखेर मार्च २०१३ मध्ये तडजोड झाली आणि २०१३-१४ पासून सहांऐवजी चार विभाग आले. विनिपेग पश्चिमेच्या मध्य विभागात गेले. वॉशिंग्टन व कॅरोलायना 'मेट्रोपॉलिटन' विभागात आले. वॉशिंग्टनला त्याची जुनी वैरे परत मिळाली. टँपा बे व फ्लॉरिडा यांना बॉस्टन, माँट्रिऑल, टोरांटो या उत्तरेच्या गावांबरोबर 'अटलांटिक' विभागात घालण्यात आले. मायामीची माणसे बर्फाच्छादित ओटावाशी खेळायला जातात हे अंतराच्या दृष्टीने अडचणीचेच. पण हिवाळ्यात फ्लॉरिडात उतरणारे हजारो कॅनडावासी आपल्या संघाचा सामना असला की तिकिटे काढतात, हेही खरे.

विभाग गेला, गावे राहिली. वॉशिंग्टनने २०१८ मध्ये, टँपा बेने २०२० व २०२१ मध्ये, आणि फ्लॉरिडा पँथर्सनी २०२४ व २०२५ मध्ये चषक जिंकला. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत फ्लॉरिडातील एक तरी संघ अंतिम फेरीत नाही, असे एकदाही घडले नाही. अटलांटाच्या मोठ्या क्रीडागारात २०११ नंतर बास्केटबॉल चालू राहिला. लीगचा संघ मात्र २०२५ पर्यंत तेथे तिसऱ्यांदा आलेला नव्हता.