छोट्या शेतकऱ्याचा माल घेताना

मंडळी, काय पेरावे, खत केव्हा द्यावे, फवारणी कधी करावी, हे आपण पुष्कळदा ऐकता. आज जरा उलट्या बाजूने बोलू. तालुक्याच्या गावातला भाजीचा दुकानदार, खानावळवाले, वसतिगृहाचे व्यवस्थापक आणि शाळेच्या आहारासाठी भाजी आणणारे, म्हणजे माल घेणारे जे कोणी आहेत, त्यांच्याशी हे बोलणे आहे. शेतकऱ्यांनी ऐकले तर फारच चांगले.

2015-16 च्या कृषिगणनेत आपल्या देशातल्या दर शंभर वहिती खात्यांपैकी 86 खाती दोन हेक्टरांच्या आतली निघाली. दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. अशा शेतकऱ्याने समजा वीस गुंठ्यांत टोमॅटो लावला. सुरुवातीच्या तोड्याला त्याचे पाच-सहा क्रेट भरतात. तेवढ्यासाठी स्वतंत्र गाडी करावी तर भाड्यातच माल जातो, आणि शेजाऱ्याच्या गाडीत टाकावा तर शेजाऱ्याच्या सोयीने तोडणी करावी लागते. मोठ्या बागायतदाराला ही अडचण नाही.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी 2024 साली एक अंदाज मांडला. गिऱ्हाइकाने टोमॅटोसाठी दिलेल्या रुपयातले सुमारे 33 पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्याचे 36, बटाट्याचे 37. हे आकडे ऐकले की लगेच दलालाला शिव्या द्यायच्या, अशी आपल्याकडे चाल आहे. पण मधल्या पैशांत गाडीभाडे आहे, हमाली आहे, सडून गेलेला माल आहे आणि दुकानदाराचा स्वतःचा नफाही आहे! तेव्हा दुकानदारालाही आपल्या हातात काय आहे ते पाहता येईल.

शेतकरी अमुक एका अडत्याकडेच का जातो, हे आधी समजून घ्यायला हवे. बियाण्याला, औषधाला पैसे नव्हते तेव्हा त्याने उचल दिलेली असते. शिवाय अडत्याकडे पाच क्रेट नेले तरी उतरवून घेतात, पन्नास नेले तरी घेतात. हे त्याचे काम आहे आणि ते तो करतो, एवढे कबूल केले पाहिजे. आता एखादा दुकानदार म्हणाला, "पाटील, माल थेट माझ्याकडे आणा, किलोमागे दोन रुपये जास्त देतो," आणि पैसे मात्र दीड महिन्याने दिले, तर काय झाले? मजुरांचा आठवडा चुकला, पुढच्या फवारणीला पैसे नाहीत, आणि गडी पुन्हा उचल मागायला जुन्याच दारात उभा. ते दोन रुपये कुठल्या कुठे गेले. म्हणून माझे मत असे, की भाव थोडा कमी दिलात तरी चालेल, पण पैसे ठरल्या दिवशी द्या. माल उतरला त्याच दिवशी दिलेत तर फारच बरे.

दुसरी गोष्ट माल परत करण्याची. सकाळी तीस किलो वांगी सांगायची, आणि दुपारी शहरातून स्वस्त गाडी आली की "दहाच ठेवा" म्हणायचे, असे सर्रास चालते. तोडलेले वांगे झाडाला परत लागत नाही. सांगितला तेवढा माल घ्यावा, कमी घ्यायचा तर आदल्या दिवशी निरोप द्यावा. आता तर फोन सगळ्यांच्याच खिशात आहे. काकडी जरा वाकडी, दोडका जरा आखूड, म्हणून बाजूला काढू नये. वेगळा ढीग लावावा, थोडा कमी भाव लावावा. खानावळवाला आनंदाने नेतो, कारण ती चिरायचीच असते. वजनातून कडता तर कापूच नये. क्रेटमागे एक किलो कापला, तर वीस किलोला पाच टक्के झाले की हो!

भाव कसा ठरवावा? अगदी पक्का ठरवला तर तो मोडतोच: बाजार पडला की दुकानदार फिरतो आणि चढला की शेतकरी. त्यापेक्षा जवळच्या बाजार समितीचा त्या दिवशीचा भाव धरावा आणि त्याला खालची व वरची हद्द बांधावी. उदाहरणादाखल, टोमॅटो कितीही पडला तरी किलोला बारा रुपयांखाली देणार नाही, आणि कितीही चढला तरी तीसच्या वर मागणार नाही. आकडे आपापल्या भागाचे आणि खर्चाचे घ्यावेत. शेतकऱ्यानेही चढत्या बाजारात शब्द पाळला पाहिजे, नाहीतर दुकानदार दुसऱ्या वर्षी कशाला विचारील? आवारात माल घेतलात तरच भाव मिळतो असेही नाही. फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकायला आपल्या राज्यात 2016 साली मोकळीक झाली.

आणि मागणी पेरणीच्या आधी सांगावी. मेथी महिन्याभरात निघते, कोथिंबिरीला सव्वा ते दीड महिना लागतो. दर आठ दिवसांनी दोन-दोन वाफे टाकायला सांगितले, तर एकाच दिवशी सगळी जुडी बाजारात येऊन मातीमोल होत नाही. चार शेतकऱ्यांनी चार भाज्या वाटून घेतल्या, तर एकाच फेरीत दुकान भरते.

आता गुरुजींसाठी थोडे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे. शंभर मुलांना पाच किलो. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर हजार किलो, म्हणजे 10 क्विंटल भाजी! ब्राझील देशाने 2009 साली कायदाच केला, की केंद्र सरकार शाळेच्या जेवणासाठी जो पैसा देते त्यातला निदान 30 टक्के कुटुंबाच्या छोट्या शेतीतला माल घेण्यावर खर्च व्हावा. आपल्याकडे जेथे भाजीची खरेदी गावातच होते, तेथे कायद्याची वाट पाहायला नको. जूनमध्ये शाळा उघडताना स्वयंपाक करणाऱ्या बायांना आणि गावातल्या दोन-तीन मळेवाल्यांना एकत्र बसवावे, कोणत्या महिन्यात कोणती भाजी किती लागेल ते फळ्यावर मांडावे. सातवीच्या मुलांना तेच गणित घालावे. दिवाळीची सुट्टी कोणत्या तारखेपासून, तेही त्याच वेळी सांगून टाकावे. नाहीतर पालक ऐन तोडणीला येतो आणि शाळेला कुलूप असते.