उणे वीस अंशांतील मोटारगाडी : कारणे आणि उपाय

लडाख ही बौद्ध परंपरेची जिवंत भूमी आहे. हेमिस, थिकसे, आल्ची येथील गोम्पांच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातून अनेक बांधव तेथे जातात. काही जण आता भर हिवाळ्यातही जाऊ लागले आहेत. सैन्यदलात आणि सीमा सडक संघटनेत सेवा करणाऱ्यांना तर तेथील हिवाळा चुकत नाही. लेह सुमारे 3500 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्याच्या रात्री तेथील पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरतो आणि द्रासला त्याहूनही खाली जातो. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर आपल्याकडे कामाचा खोळंबा होतो. तेथे एखाद्या रुग्णाचा दवाखान्याचा रस्ताच बंद होतो. म्हणून हा विषय या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडणे आम्हाला उपयुक्त वाटले.

कारणावाचून कार्य घडत नाही, ही शिकवण आपल्याला परिचित आहे. थंडीत बंद पडलेल्या गाडीलाही ती तंतोतंत लागू पडते. कारणे मुख्यतः चार आहेत.

पहिले कारण बॅटरी. बॅटरीतील वीज रासायनिक क्रियेतून निर्माण होते आणि थंडीत ही क्रिया मंदावते. उणे 18 अंशांच्या सुमारास बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. शिवाय पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतील आम्ल उणे 50 अंशांनाही गोठत नाही. मात्र पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील द्रव उणे 10 अंशांच्या आतच गोठू शकतो. अर्धवट उतरलेली बॅटरी घेऊन लडाखच्या हिवाळ्यात जाणे म्हणूनच धोक्याचे.

दुसरे कारण इंजिन ऑइल. बॅटरी दुबळी होते त्याच वेळी ऑइल घट्ट होते, म्हणजे शक्ती कमी आणि ओझे जास्त. ऑइलच्या डब्यावर 20डब्ल्यू-40 किंवा 5डब्ल्यू-30 असे आकडे असतात. त्यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे असून त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत अधिक प्रवाही राहते. 20डब्ल्यू ऑइलची थंडीतील चाचणी उणे 15 अंशांवर होते, तर 5डब्ल्यूची उणे 30 अंशांवर. आपल्या हवामानाला चालणारे ऑइल तेथे अपुरे पडते ते यामुळेच. मात्र गाडीच्या पुस्तिकेत मान्य केलेल्या प्रकारांतूनच निवड करावी.

तिसरे कारण इंधन. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. थंडीत त्यांचे स्फटिक बनतात, फिल्टर तुंबतो आणि इंजिनापर्यंत इंधन पोहोचत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. ते उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहते. मैदानी भागात भरलेले डिझेल टाकीत ठेवून लडाखमध्ये रात्र काढण्यापेक्षा वाटेत टाकी उतरू द्यावी आणि तेथील हिवाळी डिझेल भरावे. पेट्रोल असे गोठत नाही. पण थंडीत त्याची वाफ कमी होते आणि ते पेट घ्यायला वेळ लावते.

चौथे कारण रेडिएटरमधील पाणी. पाण्याचा बर्फ झाला की त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते आणि त्या दाबाने इंजिनाचा ब्लॉकसुद्धा तडकू शकतो. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट मात्र उणे 35 अंशांच्या आसपासही तग धरते. केवळ पाणी भरण्याची आपल्याकडील सवय तेथे इंजिनाच्या मुळावर येते.

आता उपाय. तयारी आदल्या संध्याकाळीच करावी. गाडी भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशी लावावी. ब्रेक गोठून चिकटू शकतो, म्हणून सपाट जागी हँडब्रेक न ओढता गाडी गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. शक्य असल्यास बॅटरी काढून रात्री उबदार खोलीत ठेवावी.

सकाळी दिवे, पंखा, रेडिओ बंद ठेवावेत. डिझेल गाडीत किल्ली फिरवल्यावर ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे. गरज पडल्यास हे दोन-तीनदा करावे. नंतर क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारावा, पण एका वेळी दहा सेकंदांहून अधिक नाही. दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावे, म्हणजे बॅटरी थोडी सावरते. इंजिन सुरू झाल्यावर लगेच रेस करू नये. ऑइल सर्वत्र पोहोचेपर्यंत मिनिटभर थांबून मग सावकाश निघावे.

दुसऱ्या गाडीची मदत घेताना आधी धन टोके एकमेकांना जोडावीत. ऋण केबल प्रथम चालू गाडीच्या बॅटरीला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी. बॅटरी गोठून फुगली असेल तर हा प्रयोग मुळीच करू नये. ती फुटू शकते.

इंजिनाखाली शेकोटी किंवा स्टोव्ह पेटवण्याची रीत काही चालकांमध्ये आहे. तिने गाडी सुरू होते, तशी पेटतेही. त्याहून घातक म्हणजे बंद जागेत इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणूस दगावतो. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले असेल तरीही हाच धोका संभवतो.

कॅनडात गेलेल्या आपल्या मुलांना थंड शहरांतील वाहनतळांवर विजेची सॉकेटे दिसतील. ती इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरसाठी असतात. साधन वेगळे, तत्त्व तेच : थंडीने कारण निर्माण करण्यापूर्वीच ते दूर करावे.

धम्मात अप्रमादाला, म्हणजे सदैव जागरूक राहण्याला, मोठे स्थान आहे. हिमप्रदेशातील सकाळ कशी उजाडेल, हे आदल्या संध्याकाळच्या जागरूकतेवर ठरते. तिकडे जाणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी हे ध्यानी ठेवावे आणि सुखरूप परतावे, ही आमची मंगलकामना.