इंजिन बदललं, गाडी तीच?
(शर्यतीतल्या जुन्या गाड्या : भाग ५)

बोअर आणि स्ट्रोक म्हणजे काय, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज तोच हिशेब एका गाडीला लावू. गाडी बेंटलीची, स्पीड सिक्स. शर्यतीच्या जगातलं तिचं नाव ‘ओल्ड नंबर वन’.

१९२९ साली वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी तिच्यावर ले माँची चोवीस तासांची शर्यत मारली. १९३० साली बार्नाटोनेच, ग्लेन किडस्टनला जोडीला घेऊन, पुन्हा मारली. बार्नाटो नुसता ड्रायव्हर नव्हे, कंपनीचा अध्यक्षही होता. म्हणजे पैसाही त्याचा आणि जीवही त्याचाच पणाला.

तेव्हा बॉनेटखाली सहा सिलिंडरचं इंजिन होतं. बोअर १०० मिमी, स्ट्रोक १४०, एकूण ६,५९७ सीसी. १९३१ मध्ये ब्रुकलँड्सची ५०० मैलांची शर्यतही गाडीने साडेसहा लिटरवरच जिंकली. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीसाठी बॉनेटखाली बेंटलीचंच आठ लिटरचं इंजिन बसवलं. त्याचा स्ट्रोक तोच, १४०. बोअर मात्र ११०. दहाच मिलिमीटर वाढले, पण क्षेत्रफळ बोअरच्या वर्गाने वाढतं. त्यामुळे आकारमान एकवीस टक्क्यांनी चढून ७,९८३ सीसी झालं.

१९३२ च्या त्या शर्यतीत गाडी चालवणारा क्लाइव्ह डन्फी ब्रुकलँड्सच्या उतरत्या काँक्रीट वळणाच्या वरच्या कडेवरून बाहेर फेकला गेला आणि ठार झाला. गाडी पुन्हा उभी केली गेली, बार्नाटोसाठी, कूपे बॉडी चढवून.

आता खरी गंमत. १९९० मध्ये एका कंपनीने ही गाडी एक कोटी पौंडांना घ्यायचा करार केला आणि मग हात आखडता घेतला : ही मूळ गाडीच नाही म्हणून! प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. तज्ज्ञांनी गाडीचा सांधा न् सांधा तपासला. न्यायमूर्ती ओटन यांच्या मते १९३० च्या गाडीतली गिअरबॉक्सची केसिंग, पेडल शाफ्ट आणि स्टिअरिंग कॉलम एवढंच उरलं होतं. १९२९ चं खात्रीने म्हणावं असं जवळपास काहीच नाही. तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. बदल एकेक करत, गाडी धावती असतानाच झाले होते; ती कधी मोडीत निघाली नव्हती, आणि या नावावर दुसऱ्या कुठल्या गाडीला हक्क सांगता येत नव्हता.

मला हा निकाल पटतो. शर्यतीच्या गाडीत इंजिन झिजायला आणि बदलायलाच असतं. १९२९ चंच इंजिन शाबूत ठेवायचं, तर तिला त्याच साली काचेआड ठेवावं लागलं असतं. मग १९३० ची ले माँ कुणी मारली असती? खरेदीदाराचा एक मुद्दा मात्र उरतोच : खटल्याच्या वेळी तिच्यात असलेलं आठ लिटरचं इंजिन ले माँमध्ये कधी धावलेलंच नव्हतं.

पुढच्या भागात याच्या उलट प्रकार : एका गाडीचे भाग दोन मालकांकडे, आणि दोघेही म्हणतात, खरी माझीच.